रकाना दुसरा: मला काय कळलं नाही

१३ नोव्हेंबर २००६, सोमवार

जुनी वही संपली. नवी आणायला बाजारात जायचा कंटाळा. लॅबच्या प्रिंटरमधून दर आठवड्याला ढीगभर कागद निघतो, एका बाजूनं छापलेला, कडेला भोकं असलेला. त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहून राह्यले. वाया जाण्यापेक्षा बरं.

हा ढीग कुठून आला तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी वाचलं तर मला माझीच कीव येईल. विद्यापीठानं एका प्रयोगासाठी आमचं कुरखेड्याचं कॉलेज निवडलं. नऊ कॉम्प्युटर दिले, तारेनं एकमेकांना जोडलेले. बी.एस्सी. शेवटच्या वर्षाची पोरं तिघातिघांच्या गटात बसणार. तोंडानं बोलायचं नाही, जे बोलायचं ते टाइप करायचं, ते तिघांनाही दिसणार. शेवटी प्रत्येकानं आपलं उत्तर लिहायचं आणि त्याखाली तीन रकाने भरायचे: मला काय कळलं, मला काय कळलं नाही, हे मला कसं कळलं. नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये तो टाय लावलेला माणूस दोन दिवस सांगत होता, विद्यार्थ्यानं आपल्याच विचाराकडे बाहेरून बघायला शिकलं पाहिजे. जेवणात श्रीखंड होतं. ते आंबलं होतं, आणि त्याच्याकडे कोणी बाहेरूनही बघितलं नाही.

आज उद्घाटन. प्राचार्य गहाणे साहेबांनी मॉनिटरला हळदीकुंकू लावलं, ते कीबोर्डात सांडलं. आता एफ आणि जी एकदम उमटतात.

२७ नोव्हेंबर, सोमवार

सत्तावीस पोरं, नऊ-नऊच्या तीन पाळ्या. चोवीस जणांचा दुसरा रकाना: "काही नाही." तिसरा रकाना: "मॅडमनी सांगितले." मला वाचून शिसारी आली. अकरा वर्षं इथं वनस्पतिशास्त्र शिकवते आहे, आणि अकरा वर्षांत एकाही पोरानं मान वर करून 'हे नाही कळलं' म्हटलेलं नाही. परीक्षेत मात्र दिसतं काय कळलं ते.

फक्त एक गट वेगळा. सोमारी उसेंडी, लच्छू नरोटे आणि बिरजू. तिघंही आतल्या जंगलातल्या गावांची, होस्टेलवर राहतात. ह्यांनी दोन तास टाइप केलं आणि उत्तराचं पान कोरं. मी विचारलं, "काय करून राह्यले होते दोन तास?"

सोमारी उभी राहून म्हणाली, "मॅडम, बिरजूचं अजून हो आलं नाई जी."

"त्याच्या होशी तुझं काय? तुझं उत्तर तू लिही."

"आमच्या गावात सगळ्यायचं हो आल्याबिगर बैठक उठत नाई."

म्हटलं, ही तुमच्या गावची बैठक नाही, लॅब आहे. तिघांना शून्य दिलं. त्यांची बडबड इंग्रजी अक्षरांत होती पण भाषा गोंडी, मला एक अक्षर कळलं नाही. गप्पा मारत असणार, दुसरं काय.

शिक्षकांनीही स्वतःचा तक्ता भरायचा असतो. आज भरून टाकला. नाव: कहकशाँ शेख. मला काय कळलं नाही: काही नाही.

११ डिसेंबर

उंदरांनी तार कुरतडली. माऊसखाली लेंड्या. नळ आहे पण कोणी हात धुवत नाही, बटणं चिकट लागतात. मुखरूभाऊ, आमचे लॅब अटेंडंट, स्पिरिटनं एकेक बटण पुसत बसले होते आणि पुसता पुसता अक्षरं मोठ्यानं म्हणत होते, क्यू, डब्ल्यू, ई. विचारलं तर म्हणाले, "शिकून राह्यलो मॅडम. दहावीनंतर इंग्रजी सुटली होती."

दिवसातून सहा तास लाइट नाही. बाकी काही नाही.

३ जानेवारी २००७

बकरी ईदला राजुऱ्याला जाऊन आले. अब्बांचं घड्याळाचं दुकान अजून चालू आहे, कोण येतं कोण जाणे. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ कानाला लावून पाच मिनिटं नुसते बसले. मी म्हटलं, अब्बा, उघडा ना, दिसेलच काय ते. म्हणाले, "खोलने के बाद सुनाई नहीं देता, बेटा." अम्मी मध्येच सुरू झाली की हिचं लग्न करून टाकलं असतं तर आज ही अशी करवादली नसती. मी डायरी मराठीत लिहिते ते ह्याचसाठी, तिला वाचता येत नाही.

बस दोनदा बंद पडली. शेजारच्या बाईनं माझ्या पायावर उलटी केली.

८ जानेवारी, सोमवार

१२ फेब्रुवारीला विद्यापीठाची कमिटी येणार. गहाणे साहेबांना झोप नाही. नागपूरहून पत्र आलंय की प्रश्न परिसरातले असावेत. म्हणून मी टेंभुर्णी घेतली, जिचा पाला बिडीला जातो आणि टेंभरं पोरं खातात. प्रश्न असा: एका टेंभुर्णीच्या झाडाला दर वर्षी भरपूर फुलं येतात, पण फळ एकही धरत नाही. शेजारच्या झाडाला मात्र धरतं. कारण सांगा.

शेजारच्या झाडाचं वाक्य मी मागून घातलं, जरा विचार करायला लावणारं वाटावं म्हणून. मॉडेल उत्तर माझ्या जुन्या नोट्समधून उतरवलं आणि टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. हेच उत्तर कमिटीला नमुना म्हणून दाखवायचं आहे.

९ जानेवारी



काल सोमारी, लच्छू, बिरजू, तिघांचं उत्तर आलं. तिघांचं एकच: "मधमाश्या व इतर कीटकांचा अभाव असल्याने परागीभवन होत नाही, म्हणून फळधारणा होत नाही." शब्दाला शब्द माझं मॉडेल उत्तर. तिघांनी एकाच मिनिटाला पाठवलंय, चार वाजून बारा मिनिटं, मशीनमध्ये नोंद आहे. खणाचं कुलूप जुनं आहे, फूटपट्टीनं उघडतं.

चोरी. अकरा वर्षांत काय काय बघितलं, बाहीत चिठ्ठ्या, तळहातावर लिहिलेलं, पण खण उघडून चोरी पहिल्यांदा बघितली. आणि चोर कोण, तर जी पोरगी सगळ्यांत गरीब चेहरा करून बसते ती. बाकीच्यांनी तरी स्वतःच्या अकलेनं लिहिलं, एकानं खत नाही म्हटलं, एकानं देवाचा कोप. ते परवडलं.

पुरावा म्हणून त्यांच्या दोन तासांची प्रिंट काढली. पाच पानं गोंडी बडबड, तिचा काय उपयोग. उत्तराचं पान तेवढं फाइलला लावलं, आणि बडबडीचं एक पान उलटं करून हे लिहितेय.

दुपारी सोमारी स्टाफरूमच्या दाराशी आली होती. "मॅडम, तुमच्यासंगं एकटीसंगं बोलाचं होतं जी."

मी म्हटलं, "एकटीशी कशाला? जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोल."

चारपाच प्राध्यापक बसले होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेली. कळलं मला. रडायला आली होती, माफ करा म्हणायला. एकटीत सगळे पाया पडतात.

११ जानेवारी

गहाणे साहेबांकडे लेखी तक्रार दिली. म्हणाले, "शेख मॅडम, हे विद्यापीठात गेलं तर तिघं मार्चच्या परीक्षेला बसू शकत नाहीत."

"मग जाऊ द्या."

तिघांना बोलावलं. लच्छू खाली बघत राहिला, बिरजू भिंतीकडे. सोमारीला साहेबांनी तीनदा विचारलं, उत्तर कुठून आणलं? ती म्हणाली, "वहीतून." कोणत्या वहीतून, तर गप्प. मी म्हटलं, माझ्या वहीतून. तिनं मान हलवली नाही, ना हो, ना नाही.

मला त्या गप्प बसण्याचा फार राग आला. निरपराध माणूस ओरडतो. मी तरी ओरडले असते.

१९ जानेवारी

सोमारी आठवडाभर आली नाही. मुखरूभाऊ म्हणाले, गावाकडे गेली. होस्टेलच्या रेक्टरनं सांगितलं असणार की परीक्षेला बसणार नसशील तर खाट सोड. तिच्या गावात कॉलेजला आलेली ती पहिलीच मुलगी, हेही मुखरूभाऊंनीच सांगितलं, मी न विचारता. एक वर्ष गेलं की पोरीला घरचे परत पाठवत नाहीत, लग्न लावून देतात.

माझा काय दोष? खण मी उघडला नाही.

जेवण गेलं नाही. मेसची डाळ पण तशीच होती, वर तवंग.

२५ जानेवारी, गुरुवार

काय लिहू. लिहिते.

स्टाफरूममध्ये कागदांचा गठ्ठा काढून बसले होते. मुखरूभाऊ चहा घेऊन आले. पंख्यानं एक पान उडालं, त्यांनी उचललं. ९ तारखेचं. माझं लिहिलेलं वाचतील म्हणून मी झडप घातली, पण त्यांनी दुसरी बाजू वर धरली होती, छापलेली. ते बटणं पुसताना म्हणायचे तसं एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचायला लागले. आणि दोन ओळींनी थांबले.

"मॅडम, हे तं आमच्या बोलीतलं हाये."

"गप्पा आहेत. ठेवा ते."

"गप्पा नाई होत मॅडम. हे टेंभराच्या झाडावरून भांडून राह्यले." मग हसले. "बिरजू म्हणते, मधमाशी येत नसन. सोमारी म्हणते, हिल्ले, हिल्ले, नाई. बाजूच्या झाडावर माशी येते अना याच्यावर याले तिले कोनं मना केलं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. उरलेली पानं काढून दिली आणि म्हटलं, सगळं वाचा.

पाऊण तास लागला. ते गोंडीत वाचत आणि मग मला सांगत. लच्छूच्या बांधावर दोन झाडं आहेत, त्याचा आजा सांगायचा की एक गडी आहे अन् एक बाई, गडी झाडाला टेंभरं लागत नाहीत पण ते तोडायचं नाही, तोडलं तर बाई झाडालाही लागत नाहीत. बिरजू मानत नव्हता. म्हणाला, झाड म्हातारं असेल. सोमारीनं त्याला विचारलं, तुला कसं माहीत म्हातारं आहे, प्रश्नात लिहिलंय का?  मग बिरजू म्हणाला, मी पपई विसरलो होतो. मॅडम पपईचं सांगतात तसंच हे. हो.

तिघांचं हो आलं तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मग लच्छूनं लिहिलं, पण मॅडमनी पहिल्या वर्षी दुसरंच लिहून दिलं होतं, माझ्या वहीत आहे. ती वही त्यानं काढली आणि वाक्य जसंच्या तसं उतरवलं. त्यानंतरचं वाचताना मुखरूभाऊ हळू झाले.

"सोमारी लिहिते, मॅडमचं चुकलं. आता हे पडद्यावर सगळ्यायले दिसन, कमिटीबी येऊन राह्यली. मॅडमले खाली पाहा लागन. बिरजू म्हणते, मंग? सोमारी म्हणते, आता मॅडमचंच लिवू. उद्या मी जातो अना एकटीले सांगतो. लच्छू म्हणते हो. बिरजू म्हणते हो."

त्याखाली वेळ होती, चार वाजून बारा.

मुखरूभाऊंनी पानं एकावर एक नीट लावून दिली. थंड झालेला कप उचलून घेऊन गेले. 

२६ जानेवारी

झेंडावंदन करून घरी आले. एम.एस्सी.ला घेतलेलं वनस्पतींचं जाड पुस्तक ट्रंकेतून काढलं. वाळवी लागलीय. टेंभुर्णीचं पान शाबूत आहे: नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या झाडांवर. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. ती रेघ माझी आहे.

म्हणजे मला माहीत होतं. दर वर्षी पपईचं उदाहरण देऊन मी हेच शिकवते. आणि दर वर्षी टेंभुर्णीला मधमाश्यांचा अभाव लिहून देते, कारण माझ्या नोट्समध्ये तसं आहे, आणि त्या नोट्स मी कुठल्या गाइडातून उतरवल्या तेही आठवत नाही. अकरा वर्षं टेंभराच्या जंगलात राहून मी त्या झाडाला एकदाही हात लावलेला नाही. टेंभरं मला बाजारात टोपलीत दिसतात, तीही सडकी.

मला माझीच किळस आली आहे. तोंड धुतलं, तरी आहे.

खरं लिहायचं तर एक विचार असाही आला की हे कागद जाळून टाकावे. गोंडी कोण वाचणार? हा विचार दोन वेळा आला.

२८ जानेवारी, रविवार

मुखरूभाऊंच्या लूनावर मागे बसून सोमारीच्या गावी गेले. पंचवीस किलोमीटर, त्यातले शेवटचे सात नुसते दगड. ती अंगणात धान पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन पाणी आणलं. तिच्या आईनं बाज टाकली.

मी वाक्यं पाठ करून गेले होते, सगळी विसरले. म्हटलं, "तुमचं बोलणं मी वाचलं. मुखरूभाऊंनी वाचून दाखवलं."

तिनं मुखरूभाऊंकडे रागानं बघितलं. मग म्हणाली, "झाड पाहाता का जी?"

गावामागं पाच मिनिटांवर दोन झाडं, सारखीच, काळ्या सालीची. एकावर हिरवी टेंभरं. दुसऱ्यावर एकही नाही. मी दोन्हींच्या बुंध्याला हात लावला. अकरा वर्षांनी.

"त्या दिवशी साहेबांसमोर का नाही बोललीस? काऊन गप्प राहिलीस?"

"तिथी चार लोक होते जी. तुमीच लिवून देलं होतं म्हणलं असतं तं मंग सगळंच सांगा लागलं असतं. आमचं तिघायचं ठरलं होतं, एकटीले सांगाचं."

"तुझं वर्ष जात होतं, सोमारी."

"हो जी," ती म्हणाली. "मंग मले राग आला तुमचा. लय आला."

ते ऐकून बरं वाटलं. का ते माहीत नाही.

परतताना तिची आई पिशवीत मोहफुलं देत होती, गेल्या वर्षीची, वाळलेली. घेतली.

२९ जानेवारी

गहाणे साहेबांना सगळं सांगितलं. तक्रार अजून त्यांच्या टेबलावरच होती, जावक क्रमांक पडला नव्हता, कारण क्लार्क लग्नाला गेलाय. ह्या ऑफिसच्या आळसाची मला आयुष्यात पहिल्यांदा किळस आली नाही.

साहेब म्हणाले, "मॅडम, सोपं आहे. आपण लिहू, विद्यार्थ्यांना ताकीद देऊन माफ करण्यात आलं. मुलं परीक्षेला बसतील, तुमचंही झाकलं जाईल. कमिटीसमोर कशाला स्वतःचे धिंडवडे?"

चहा येऊन संपेपर्यंत मी त्यावर विचार केला. पूर्ण कप. मुलांचं वर्ष वाचत होतं, मग उरलं काय? उरलं एवढंच की माफी चोराला देतात. ही तिघं गावी जाऊन सांगणार, मॅडमनं आमाले माफ केलं.

तक्रार परत घेतली आणि कारण लिहून दिलं: मॉडेल उत्तर चुकीचं होतं, ते विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी मीच लिहून दिलं होतं. साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरून फाइलला लावला. मुखरूभाऊंच्या हाती गावी चिठ्ठी पाठवली.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सोमारी गुरुवारीच आली. तीन दिवस माझ्याशी मोजकं बोलली.

कमिटी तीन तास उशिरा आली, जेवून. दोन साहेब आणि चष्म्याच्या एक बाई. गहाणे साहेबांना वाटत होतं मी दुसरा एखादा प्रश्न दाखवेन. मी टेंभुर्णीच घेतली. सोमारी, लच्छू, बिरजू आपल्या मशीनवर, आणि चौथ्या मशीनवर मी, त्यांच्याच गटात. कमिटीला म्हटलं, मागे खुर्च्या आहेत, बसा.

उत्तर काय ते चौघांना माहीतच होतं. हे झाड नर आहे. मी माझे रकानेही झरझर भरले. मला काय कळलं नाही: टेंभुर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. त्याच रकान्यात पुढे, का कळलं नाही: कारण मी निष्काळजी आणि गर्विष्ठ आहे. पाठवायला हात नेला, तर पडद्यावर सोमारीची ओळ आली, मराठीत, माझ्यासाठी.

"थांबा जी. माजं हो नाई आलं."

मी टाइप केलं, का?

"निष्काळजी हे कारण नाई होये. ते तं शिवी होये. तुमी कुठी अडकल्या ते लिवा."

मागे बसलेला एक साहेब घड्याळ बघत होता. मी वाक्य खोडलं. लिहिलं, मी पुस्तक नीट वाचलं नाही. बिरजूचं हो आलं नाही: "रेघ तं मारली होती म्हणता, मंग वाचलं कसं नाई?" पुन्हा खोडलं. लिहिलं, वेळ नव्हता. लच्छूनं नुसतं लिहिलं, "अकरा वर्सं?" मला इतका राग आला की उठून जावंसं वाटलं. एफ दाबला की जी उमटत होता. पाऊण तास ह्या पोरांनी मला सोडलं नाही. शिवी देऊ देईनात, सबब सांगू देईनात. मी जे अकरा वर्षं ह्यांच्याकडून मागत होते, ते काय असतं हे मला तेव्हा कळलं, आणि ते फार घाणेरडं काम आहे.

शेवटी लिहिलं: पपई मी पाहिली आहे, टेंभुर्णी पाहिली नव्हती. जे पाहिलं नाही ते नोट्समधून घेतलं, आणि आपण ते पाहिलेलं नाही हे विसरले.

बिरजूचं हो आलं. लच्छूचं आलं. शेवटी सोमारीचंही आलं. तिघांनी तेच वाक्य आपापल्या पानावर घेतलं, फक्त 'मी'च्या जागी 'मॅडमनी' केलं. चौघांनी एकदम पाठवलं. चार वाजून पंचावन्न मिनिटं.

चष्म्याच्या बाई जवळ आल्या, चारही पडदे बघितले, आणि गहाणे साहेबांना म्हणाल्या, "चौघांचं एकच उत्तर, एकाच मिनिटाला? हे तर सरळ कॉपी दिसतंय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वरचा पाऊण तास वाचा, मॅडम. आणि आठ जानेवारीचे दोन तास वाचा, ते गोंडीत आहेत, मुखरूभाऊ वाचून दाखवतील."

"त्याची प्रिंट आहे का?"

होती. माझ्या पर्समध्ये होती. त्यातल्या एका पानामागे ९ तारखेचं माझं अक्षर होतं, चोरी, गरीब चेहरा, रडायला आली होती, सगळं. मी पानं काढून त्यांच्या हातात दिली. मुखरूभाऊ पुढे आले आणि अक्षर अक्षर जोडत वाचायला लागले. सोमारी खाली बघत होती, हसू लपवत.

संध्याकाळी पानं परत मिळाली. अहवालाला जोडायला त्यांची झेरॉक्स काढलीय. झेरॉक्सवाल्यानं दोन्ही बाजूंची काढली.